वायरलेस लावताय? आधी हे वाचा!

मित्रांनो, मामांच्या दुकानामागच्या गोडाऊनपर्यंत नेट पोहोचत नव्हतं. घरातला एक जुना वायरलेस राउटर मी तिथे ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवला. काम तासाभराचं, पण क्रम महत्त्वाचा.

आधी जुन्या राउटरला मोकळा आयपी ॲड्रेस द्या. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर ह्याला १९२.१६८.१.२, आणि तो मुख्य राउटरच्या वाटपाबाहेर ठेवा. मग ह्याचं डीएचसीपी बंद करा. आयपी वाटणारा एकच हवा. दोघं वाटायला लागले की बिलिंगच्या कॉम्प्युटरला प्रिंटर सापडेनासा होतो! त्यानंतरच केबल जोडा, तीही लॅन पोर्टमध्ये, वॅनमध्ये नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनल १, ६ किंवा ११ घ्या. हे तिघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. शेजाऱ्यांनी न घेतलेला निवडा.

आता सिक्युरिटी. डब्ल्यूईपी तर २००१ सालीच फुटलं. निदान डब्ल्यूपीए२ आणि लांबलचक पासवर्ड हवाच. गिऱ्हाइकाने मागितला तरी हा पासवर्ड देऊ नका; त्यांच्यासाठी मुख्य राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा. कारण मामांची सगळी उधारीची वही आता त्याच कॉम्प्युटरवर आहे. गल्ल्याची किल्ली कोणी काउंटरवर ठेवतं का?