विश्लेषण : मोबाइलमधले ‘बिझनेस गुरू’ प्रत्यक्ष भेटतात तेव्हा...

दोन-तीन वर्षे रोज मोबाइलवर ऐकलेला माणूस समोर येतो, तेव्हा हात आपोआप जोडले जातात. फोटो निघतो, तो लगेच स्टेटसला जातो आणि अनेकदा त्याच दुपारी हजारो रुपयांचा ‘यूपीआय’ व्यवहारही होऊन जातो. पुण्या-मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात किंवा नागपुरात होणाऱ्या ‘बिझनेस समिट’ला विदर्भातल्या छोट्या गावांतूनही तरुण जातात. या भेटीतून खरोखर काय मिळू शकते, पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे आणि फसगत झाल्यास कायदा कुठे मदतीला येतो, याचा हा आढावा.

बुलढाण्यातून इतक्या लांब का जावेसे वाटते?

बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूर किंवा शेगाव गाठून गाडी पकडायची, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघायचे. तरीही लोक जातात, कारण मोबाइलवरच्या या ‘सरां’नी त्यांना काहीतरी दिलेले असते. जीएसटी म्हणजे काय, मालाला वेष्टन कसे करावे, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग कसा लावावा, उधारी कशी वसूल करावी, या गोष्टी मराठीत, फुकट आणि समजेल अशा भाषेत सांगणारे कोणी पूर्वी सहज मिळत नव्हते. ज्याच्या घरात कोणी धंदा केलेला नाही, त्याच्यासाठी असा माणूस दूरचा काकाच ठरतो. त्यामुळे ही ओढ हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

‘एकतर्फी ओळख’ म्हणजे काय?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये या ओढीचे वर्णन केले. तेव्हा मोबाइल नव्हता, विषय दूरचित्रवाणीचा होता. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे बघून, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो. रोज ऐकून प्रेक्षकाला त्याची सवय होते, त्याच्या घरच्या गोष्टीही माहीत होतात. पण ही ओळख एकाच बाजूने असते. प्रेक्षक त्याला ओळखतो, तो प्रेक्षकाला ओळखत नाही.

परिषदेत नेमके हेच समोर येते. ‘सर, मी चिखलीहून आलोय, तुमचा एकही व्हिडीओ सोडलेला नाही,’ असे सांगताना तरुणाचा गळा दाटतो. समोरून ‘अरे वा, ग्रेट! या, फोटो घेऊ,’ एवढेच येते. यात त्या मार्गदर्शकाचा दोष असेलच असे नाही. पाचशे माणसांच्या रांगेत प्रत्येकाला अर्धा मिनिट मिळाले, तरी चार तासांहून जास्त वेळ लागतो. मात्र त्या अर्ध्या मिनिटाला आपण ‘सरांनी माझ्यात काहीतरी पाहिले’ असा अर्थ दिला, तर पुढचा निर्णय हिशेबाने होत नाही, भावनेने होतो.

परिषदेत दिवसभर काय घडते?

सगळ्या परिषदा सारख्या नसतात. काहींत खरोखर कामाची सत्रे असतात. पण विक्रीसाठी भरवलेल्या कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. आधी फुकट व्हिडीओ, मग ९९ किंवा १९९ रुपयांचा वेबिनार, त्यानंतर एक-दोन हजारांची प्रत्यक्ष परिषद आणि शेवटी वर्षभराची महागडी ‘मेंटॉरशिप’. प्रत्येक पायरीवर माणसे गळत जातात आणि सर्वांत जास्त विश्वास असलेली शेवटपर्यंत उरतात. याला विक्रीच्या भाषेत ‘फनेल’ म्हणतात.

सभागृहात सकाळी प्रेरणादायी भाषण होते, दुपारी यशस्वी विद्यार्थी व्यासपीठावर येतात आणि संध्याकाळी ‘फक्त आज, फक्त या हॉलमधल्यांसाठी’ सवलत जाहीर होते. मागच्या टेबलांवर कार्ड स्वाइप करणारी मुले तयारच असतात. शेजारचे उठले की आपणही उठतो. घरी फोन करून विचारण्याइतका वेळ हातात ठेवलेला नसतो.

व्यासपीठावरच्या यशोगाथांचे काय करायचे?

त्या खोट्याच असतात असे मानण्याचे कारण नाही. पण व्यासपीठावर फक्त जिंकलेलेच येतात. ज्यांचे पैसे बुडाले, ते त्या दिवशी घरी असतात. शेअर बाजाराच्या क्षेत्रात हा फरक आकड्यांत दिसला आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. उरलेल्या सात टक्क्यांतले दहा जण व्यासपीठावर उभे केले, तर सभागृहाला वेगळेच चित्र दिसेल.

म्हणून दोन प्रश्न महत्त्वाचे. हा अभ्यासक्रम एकूण किती जणांनी घेतला आणि त्यांपैकी कितींचा धंदा दोन वर्षांनंतर सुरू आहे? तसेच अनुभव सांगणाऱ्याला नवे विद्यार्थी आणण्याबद्दल कमिशन मिळते का? मिळत असेल, तर त्याचे बोलणे ही जाहिरात आहे.

पैशांचा हिशेब कसा मांडावा?

समजा, मेंटॉरशिपची फी ५० हजार रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ५९ हजार होतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे ही फी ११ क्विंटल सोयाबीनइतकी झाली. कोरडवाहू रानात एकरी पाच-साडेपाच क्विंटल उतारा धरला, तर दोन एकरांचा पूर्ण हंगाम, तोही बियाणे, फवारणी आणि मजुरी न वजा करता. बाजारात हमीभावापेक्षा कमी दर मिळाला तर आणखी जास्त. सभागृहात ‘एका वेळच्या गुंतवणुकी’सारखा वाटणारा आकडा असा घरच्या मापाने मोजला की निर्णय सोपा होतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’ ही दुसरी खबरदारीची जागा. हप्ते अनेकदा मार्गदर्शकाला नव्हे, तर एखाद्या बँकेला किंवा वित्त कंपनीला द्यायचे असतात. म्हणजे ते कर्ज असते. अभ्यासक्रम आवडला नाही किंवा बंद पडला, तरी हप्ता आपोआप थांबत नाही आणि थकला तर सिबिलवर परिणाम होतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ग्राहकाला मिळाले पाहिजे आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे. ही मुदत किती आहे, ते सही करण्यापूर्वी विचारावे.

मार्गदर्शकाची माहिती कशी तपासायची?

‘बिझनेस कोच’ म्हणवून घेण्यासाठी कोणताही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे तपासणी आपणच करावी लागते आणि ती मोबाइलवर होते. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कधीची, ते दिसते. धंदा कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. ‘माझी उलाढाल इतक्या कोटींची’ हा दावा ताळेबंदाशी ताडून बघता येतो. ही उलाढाल मूळ धंद्याची की अभ्यासक्रमाच्या विक्रीची, हेही त्यातून कळू शकते. डाळ मिलचे तंत्र शिकवणाऱ्याने डाळ मिल चालवलेली असावी, एवढी साधी ही अपेक्षा आहे.

शेअरचे सल्ले देणाऱ्यांसाठी मात्र ‘सेबी’ची नोंदणी सक्तीची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ नावाने प्रसिद्ध असलेल्या नसिरुद्दीन अन्सारी यांच्याविरुद्ध ‘सेबी’ने अंतरिम आदेश काढला आणि सुमारे १७.२ कोटी रुपये स्वतंत्र खात्यात जमा करण्यास सांगितले. पुण्यातील रवींद्र भारती यांच्या शिक्षण संस्थेबाबतही एप्रिल २०२४ मध्ये अंतरिम आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढील आदेश झाला. सुमारे साडेनऊ कोटी रुपये परत करण्याचे निर्देश त्यात होते. दोन्ही प्रकरणांत मुद्दा एकच होता : शिकवण्याच्या नावाखाली नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणे.

कायदा कोणत्या बाजूने आहे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातदाराशी आर्थिक संबंध असेल, तर तो उघड करणे समाजमाध्यमांवरील प्रभावकांना बंधनकारक आहे. उत्पन्न मुख्यतः नवे सदस्य जोडण्यातूनच मिळणार असेल, तर ते शिक्षण नव्हे. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने आणि थेट विक्रीबाबतच्या २०२१ च्या नियमांनी बंदी आहे.

पैसे परत मिळवण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मार्गदर्शक पुण्याचा असला, तरी तक्रारदार बुलढाण्यात राहत असेल, तर तक्रार बुलढाण्यातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. इथे एक अडचण समजून घ्यावी. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, असा बचाव समोरून होऊ शकतो. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी सेवा घेतली असेल, तर कायदा त्याला ग्राहकच मानतो. तक्रारीत हे स्पष्ट लिहावे. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘मनी बॅक’च्या अटी आणि चॅट जपून ठेवावेत. पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सरळ ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल, तर वेळ न घालवता १९३० वर कळवावे.

मग लोक तक्रार का करत नाहीत?

रक्कम छोटी वाटते, हे एक कारण. दुसरे कारण जास्त खोल आहे. ज्याला आपण गुरू मानले, त्याचे चुकले असे मन मानत नाही. ‘सरांचे बरोबरच होते, मीच मेहनतीत कमी पडलो,’ असे माणूस स्वतःला समजावतो. घरच्यांना आकडा सांगितलेला नसतो. नापास झाल्याची लाज आणि पैसे गेल्याची लाज एकत्र होते. घरातल्यांनी अशा वेळी टोमणे मारण्याऐवजी पावती शोधायला मदत केली, तर दोन वर्षांची मुदत हातची जात नाही.

भेट झालीच, तर काय विचारावे?

जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. जाताना तीन महिन्यांच्या जमाखर्चाची वही सोबत न्यावी आणि एकच नेमका प्रश्न तयार ठेवावा. ‘सर, यशाचे रहस्य काय?’ याला कोणीही उत्तर देतो. ‘माझा महिन्याचा माल दोन लाखांचा, उधारी दीड लाखाची, नवे दुकान घ्यावे की आधी उधारी आवरावी?’ या प्रश्नावर मात्र समोरच्याला विचार करावा लागतो. जाणकार माणूस उलट दोन प्रश्न विचारेल किंवा ‘हा माझा विषय नाही’ असे सांगेल. दोन्ही उत्तरे मोलाची. ‘आमचा कोर्स घ्या, सगळे कळेल’ हेही एक उत्तरच असते.

दुसरे म्हणजे, फोटोच्या रांगेपेक्षा चहाच्या रांगेत जास्त वेळ द्यावा. तिथे आपल्यासारखाच धंदा करणारी, दुसऱ्या जिल्ह्यातली माणसे भेटतात. ती स्पर्धक नसल्याने दर, पुरवठादार आणि चुका मोकळेपणाने सांगतात. आणि पैसे त्या दिवशी भरू नयेत. खरी संधी आठवडाभर थांबते.

जिल्ह्यात कोणाला भेटता येईल?

बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांची माहिती मिळते. प्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि प्रस्ताव करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत अशी रचना आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत शिकवतात आणि त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा करतात. तिथे रोषणाई नसते आणि कधी चार खेटे घालावे लागतात, हे खरे. पण कागद समोर ठेवून बसणारा माणूस मिळू शकतो.

त्याशिवाय खामगावच्या चांदीच्या पेढ्या आहेत, देऊळगाव राजा-सिंदखेडराजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारे शेतकरी आहेत, शेगावात कचोरीचे नाव राज्यभर नेणारे व्यावसायिक आहेत. यांतले बहुतेक जण यूट्यूबवर नाहीत. पण त्यांचे दुकान, गिऱ्हाईक आणि मंदीतला चेहरा आपल्याला बघता येतो. मोबाइलवरच्या सरांचे ऐकावे, जमल्यास भेटावेही. फक्त पैसे भरण्याआधी तेच प्रश्न आपल्या गावातल्या एका जुन्या व्यावसायिकालाही विचारावेत. तो फार तर एक चहा मागेल.