मोगूबाई कुर्डीकर: एका गायिकेची तालीम

जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 15 जुलै 1904 रोजी गोव्यातील कुर्डी गावी झाला. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. आई जयश्रीबाई यांची मुलीने गाण्यात नाव काढावे अशी तीव्र इच्छा होती. पण मोगूबाई लहान असतानाच त्या वारल्या. काही काळ नाटक मंडळ्यांत काम केल्यावर मोगूबाई सांगलीस आल्या. तेथे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना शिकवायला घेतले.

ही तालीम सलग झाली नाही. मध्यंतरी त्या आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे, तसेच अल्लादिया खाँचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. अखेर 1934 मध्ये अल्लादिया खाँनी त्यांना रीतसर गंडा बांधून शिष्या करून घेतले.

जयपूर गायकीत अनवट आणि जोडरागांवर भर असतो. आकारातील आलाप लयीशी बांधून घेत समेवर यायचे असते. स्वरलेखन वाचून हे साधत नाही. गुरूसमोर बसून एकच जागा पुन्हा पुन्हा घोटावी लागते. मोगूबाईंची लयीवरची पकड या मेहनतीचेच फळ होते, आणि त्यांच्या गाण्यातील सर्वांत मोठे बळही तेच.

कन्या किशोरी आमोणकर यांना त्यांनी याच शिस्तीने घडवले. मोगूबाईंना 1974 मध्ये पद्मभूषण मिळाले. 10 फेब्रुवारी 2001 रोजी त्यांचे निधन झाले.