टाकी की प्लग?

समजा २०२१ साल चालू आहे आणि अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या तुमच्या मावशीचा फोन आला आहे. घरात माणसे पाच : मावशी, काका, दोन मुले आणि आजी. जुनी मोटार काढून नवी घ्यायची आहे. उंच बांधणीची, माणसे आणि सामान ऐसपैस मावेल अशी, म्हणजे जिला 'एसयूव्ही' म्हणतात तशी. दुकानदाराने टोयोटा कंपनीच्या दोन मोटारी पुढे केल्या आहेत. दोघींचे नाव एकच, रॅव्ह-४. एक साधी, पेट्रोलवर चालणारी. दुसरी 'प्राइम'. हिच्यात पेट्रोलची टाकी आहेच. शिवाय एक मोठी बॅटरी आहे आणि ती घरातल्या प्लगला जोडून भारित करता येते. अशा मोटारीला 'प्लग-इन हायब्रीड' म्हणतात. हायब्रीड म्हणजे संकरित.

"शाळेत विज्ञान शिकवतात ना तुला? मग सांग, कोणती घेऊ?" मावशी विचारते.

उत्तराची घाई करू नका. आधी कागद आणि पेन्सिल घ्या.

दोघींच्या पोटात काय आहे?

दोन्ही मोटारींत अडीच लिटरचे पेट्रोल एंजिन आहे. एंजिनात पेट्रोल जळते, तापलेला वायू दट्ट्याला ढकलतो आणि त्या ढकलण्याने चाके फिरतात. पण पेट्रोलमधील सगळी ऊर्जा काही चाकांपर्यंत पोचत नाही. रोजच्या वापरात शंभरातील वीस ते तीस भाग उपयोगी पडतात. बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून निघून जाते. मोटार सिग्नलपाशी उभी असली तरी पेट्रोल जळत राहते. आणि ब्रेक दाबला की मोटारीची गतिज ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जाते.

विजेच्या मोटरचे तसे नाही. तिला दिलेल्या शंभर भागांपैकी नव्वदच्या आसपास भाग चाकांच्या कामी येतात. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटे काम करते, म्हणजे जनित्र बनते, आणि गतिज ऊर्जेचा बराचसा भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत पाठवते.

'प्राइम'मधील बॅटरीची क्षमता १८.१ युनिट आहे. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आपल्या विजेच्या बिलावर असते तेच.) अमेरिकन सरकारच्या चाचणीनुसार पूर्ण भारित बॅटरीवर ही मोटार ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर जाते. त्यानंतर एंजिन मदतीला येते आणि मोटार साध्या हायब्रीडसारखी चालू लागते. घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला सुमारे १२ तास लागतात. रात्री लावली की सकाळी तयार!

पण हे फुकट मिळत नाही. बॅटरी आणि मोटरी यांच्यामुळे 'प्राइम'चे वजन साध्या मोटारीपेक्षा साडेतीनशे किलोंच्या आसपास जास्त भरते. म्हणजे चार-पाच मोठी माणसे कायमची मोटारीत बसवून ठेवावी तसेच!

शंभर किलोमीटरचा हिशेब

आता दोघींना शंभर किलोमीटर पळवू या. सरकारी चाचणीच्या आकड्यांवरून हिशेब असा येतो :

साधी मोटार : ७.८ लिटर पेट्रोल.
प्राइम, प्लगच्या विजेवर : २२.४ युनिट वीज.
प्राइम, बॅटरी न भरता : ६.२ लिटर पेट्रोल.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे साध्या मोटारीने ७० युनिट ऊर्जा खर्च केली. तेवढेच अंतर विजेवर २२ युनिटांत झाले! प्लग न लावताही 'प्राइम'ला पेट्रोल कमी लागते; कारण सिग्नलपाशी तिचे एंजिन बंद होते आणि ब्रेकची ऊर्जा वाचते.

आता पैसे पाहू. २०२१ साली अमेरिकेत पेट्रोल साधारणपणे ८० सेंट लिटर होते आणि घरगुती वीज १४ सेंट युनिट. म्हणजे शंभर किलोमीटरला साध्या मोटारीस ६ डॉलर २४ सेंट, 'प्राइम'ला विजेवर ३ डॉलर १४ सेंट आणि प्लगशिवाय ४ डॉलर ९६ सेंट.

मावशीचे कार्यालय घरापासून २५ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, म्हणजे ६८च्या आत. वर्षाला १६,००० किलोमीटर प्रवास आणि त्यातील १२,००० विजेवर धरले, तर साध्या मोटारीपेक्षा सुमारे ४२५ डॉलर वाचतात. प्लग कधी लावलाच नाही, तर वाचतात फक्त २०५.

पण किंमत? त्या वर्षी सर्वांत स्वस्त साधी रॅव्ह-४ सुमारे २६ हजार डॉलरना होती आणि सर्वांत स्वस्त 'प्राइम' सुमारे ३८ हजारांना. फरक १२ हजारांचा. सरकार तेव्हा प्राप्तिकरात साडेसात हजारांपर्यंत सूट देत होते. ती पूर्ण मिळाली, तर उरलेला साडेचार हजारांचा फरक रोज प्लग लावणाऱ्याला साधारण साडेदहा वर्षांत भरून निघेल आणि न लावणाऱ्याला बावीस वर्षांत! सूट नसती तर प्लग लावणाऱ्यालाही अठ्ठावीस वर्षे लागली असती. अर्थात 'प्राइम'ला चारही चाकांना जोर आहे आणि तिची शक्ती ३०२ अश्वशक्ती आहे, साधीची २०३. ते हवे असेल तर त्याची किंमत वेगळी धरावी.

कागदावरची आणि रस्त्यावरची मोटार

तुम्ही म्हणाल, "पण प्लग न लावण्याइतके वेडे कोण असेल?" इथेच खरी गंमत आहे.

युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या मोटारीत प्रत्यक्ष किती इंधन जळले याची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदी जमवून युरोपीय आयोगाने २०२४ साली अहवाल काढला. साध्या पेट्रोल आणि डिझेल मोटारी रस्त्यावर चाचणीतल्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश जास्त कार्बन डाय-ऑक्साइड सोडत होत्या. प्लग-इन हायब्रीड मोटारी मात्र सरासरीने साडेतीनपट! चाचणीत लोक बॅटरी वरचेवर भारित करतील असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात लोक तितक्या वेळा प्लग लावत नाहीत. कंपनीने दिलेली मोटार आणि पेट्रोलही कंपनीचे, असे असेल तर मग विचारूच नका. प्लगची वायर वेष्टनातून बाहेरही न काढता मोटारी परत आल्याची बातमी २०१८ साली इंग्लंडमध्ये छापून आली होती.

थंडीचाही विचार करायला हवा. न्यू जर्सीत हिवाळ्यात बर्फ पडते. गारठ्यात बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात, शिवाय आतली माणसे उबदार ठेवायला वीज लागते. त्यामुळे ६८ किलोमीटर हा आकडा हिवाळ्यात खाली येतो.

वीज येते कुठून?

शेवटी हवेचा हिशेब. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचे वजन तर पाऊण किलोच! जास्तीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. म्हणजे शंभर किलोमीटरला साधी मोटार १८ किलो वायू सोडते आणि प्लग न लावलेली 'प्राइम' १४ किलो.

विजेवरची मोटार स्वतः धूर सोडत नाही. पण वीजकेंद्र सोडते. अमेरिकेत सरासरीने एका युनिटामागे ०.४ किलोच्या आसपास वायू निघतो, म्हणून शंभर किलोमीटरला ९ किलो. साध्या मोटारीच्या निम्मा! हीच मोटार महाराष्ट्रात आणली तर? आपल्याकडची बरीच वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. भारताची सरासरी एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो आहे. म्हणजे १६ किलो! बॅटरी न भरता चालवली त्यापेक्षाही जास्त. मात्र सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज जसजशी वाढेल, तसतसा हा आकडा त्याच मोटारीसाठी कमी होत जाईल. पेट्रोलच्या मोटारीचे २.३ किलो काही बदलणार नाहीत. बॅटरी बनवतानाही ऊर्जा लागते, तोही खर्च तेव्हा हिशेबात घ्यावा.

मग मावशीला काय सांगाल?

"मावशी, तुझ्या गॅरेजमध्ये प्लग आहे का? रोज रात्री न विसरता वायर लावशील का? करातली सूट पूर्ण मिळेल का आणि मोटार दहा-बारा वर्षे ठेवशील का? चारही उत्तरे 'हो' असतील तर 'प्राइम' घे. प्लगच नसेल किंवा आळस होणार असेल, तर एवढी जड बॅटरी विकत घेऊन काय करशील?"

काळ पुढे सरकला आहे. ३० सप्टेंबर २०२५ नंतर अमेरिकेतली ती करसूट बंद झाली आणि २०२६ च्या रॅव्ह-४ मध्ये केवळ पेट्रोलची मोटार उरलीच नाही. साधी हायब्रीड आणि प्लग-इन एवढ्याच राहिल्या. आकडे बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते. मोटार किती चांगली हे कारखाना ठरवतो. ती किती पेट्रोल वाचवते हे रात्री वायर लावणारा हात ठरवतो.

तुमच्या घरी किंवा शेजारी स्कूटर वा मोटार असेल, तर एक आठवडा तिचे रोजचे किलोमीटर वहीत टिपून ठेवा. त्यांतले किती दिवस ६८च्या आत बसले ते मोजा. उत्तर पाहून घरातली मोठी माणसेही चकित होतील!