माझ्या वाटणीचा तास

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा वरून दुसरा कप्पा हा औषधपाण्याच्या कागदांचा आहे. तिथे ओळीने फायली उभ्या आहेत. हिरवी सासूबाईंची, तीत त्यांच्या रक्तदाबाच्या बारा वर्षांच्या नोंदी. निळी ह्यांची, तीत साखरेच्या तपासण्या, उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या. मुलाची, मुलीची, त्यांच्या लशींपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत. आणि शेवटी सर्वांत जाडजूड फाइल आमच्या स्कूटरची! ह्या सगळ्या फायली मी लावल्या, तारखा मी पाहते, कुणाची तपासणी चुकली तर बोलणी मी घालते. माझ्या नावाची फाइल मात्र त्या कप्प्यात नव्हती. आणि गंमत अशी, की ही गोष्ट वीस वर्षांत माझ्या लक्षातही आली नव्हती.

ती लक्षात आणून दिली पर्वतीने.

पुण्यात राहणाऱ्याला पर्वती म्हणजे काय ते सांगायला नको. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेले टेकडीवरचे ते देऊळ, आणि तिथवर नेणाऱ्या त्या १०३ रुंद दगडी पायऱ्या. लग्नाआधी मी त्या बोलत बोलत चढून जात असे. गेल्या वर्षी दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मुलीने टूम काढली, “आई, फराळ जिरवायला उद्या पहाटे पर्वती!” निघालो. तिसाव्या पायरीला माझी छाती धडधडू लागली, चाळिसाव्या पायरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी कडेच्या दगडावर मट्‌कन बसले. पांढरी अर्धी चड्डी घातलेले एक आजोबा, असतील ऐंशीच्या घरातले, माझ्यासमोरून वर गेले; आणि मी तशीच बसलेली असताना खाली येऊन पुन्हा वर गेले! पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ साली ह्याच टेकडीवर देह ठेवला. मला त्या वेळी नेमकी तीच आठवण व्हावी, ह्यावरून माझी अवस्था ओळखा.

“वजन वाढलंय, दुसरं काय?” मी मुलीला म्हणाले. तिने उत्तर दिले नाही. नुसती माझ्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, तुझा हात किती पांढरा दिसतोय.”

खोटे कशाला बोलू? मला काही होत होते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. दीडेक वर्षापासून पाळीचा काही नेम राहिला नव्हता. कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली की नऊ-नऊ, दहा-दहा दिवस. बँकेतल्या खुर्चीवरून उठायचे तर आधी मागे वळून पाहायचे. पर्समध्ये जादा साडी नाही, एवढेच. बाकी सगळा सरंजाम. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणत, “अगं, जायची वेळ आली की असंच होतं.” मलाही ते सोयीचे वाटे. कारण ‘वयाचे आहे’ म्हटले की डॉक्टरकडे जाण्याचा वेळ वाचतो! संध्याकाळी जिना चढताना धाप लागे, तेव्हा मी पिशव्यांना दोष देत असे. रात्री पाय असे चाळवत, की झोप मोडे. तेव्हा दिवसभराच्या उभे राहण्याला.

आणखी एक गोष्ट होती. ती सांगायला मला आजही थोडी लाज वाटते. मला तांदूळ खाण्याची सवय लागली होती. शिजवलेले नव्हेत, कच्चे! निवडायला ताट घेतले की चिमूट-चिमूट तोंडात. पुढे पुढे येता-जाता डब्यात हात जाई. सासूबाईंनी एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हणतात. तुझं लग्न होऊन तर तेवीस वर्षं झाली. आता कुणाच्या लग्नात पाऊस पाडणार आहेस?” आम्ही सगळे खूप हसलो.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. पर्वतीच्या प्रसंगानंतर मुलीने जवळजवळ धरूनच मला त्यांच्याकडे नेले. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि विचारले, “ताई, माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का?” मी थक्क झाले. मला वाटत होते, ते माझे एकटीचे खूळ आहे. शरीरातले लोह फार कमी झाले की पुष्कळांना अशी वासना होते, असे त्यांनी सांगितले. रात्रीचे पाय चाळवणेही त्यातलेच असू शकते.

रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.८! आमच्या वयाच्या बाईचे निदान १२ तरी असावे आणि ८ च्या खाली गेले तर तो तीव्र पंडुरोग, हे मला त्या दिवशी कळले. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन लहान गाठी दिसल्या. अशा साध्या गाठी पुष्कळ बायकांना होतात, बहुतेक वेळा त्या कर्करोगाच्या नसतात, आणि पाळी कायमची गेल्यावर सहसा आक्रसतात. पण तोवर त्या रक्त वाहवत होत्या आणि मी ‘वयाचे आहे’ म्हणत होते.

घरी येऊन मी जरा वाचन केले. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणींना पंडुरोग आढळला होता. म्हणजे आमच्या बँकेत, आमच्या सोसायटीत, आमच्या भिशीत निम्म्याहून अधिक जणी! तरी बोलत कुणीच नाही. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले ते १९२७ साली. शरीराबद्दल मोकळेपणाने बोला, हे मराठी माणसाला त्यांनी सांगायला सुरुवात केली त्याला शंभर वर्षे होत आली. आणि मी पदवीधर, नोकरी करणारी बाई, नवऱ्यालासुद्धा नीट काही सांगितले नव्हते.

औषध सुरू झाले. रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळी होते, त्याने घाबरून जाऊ नये, हे बाईंनी आधीच सांगितले म्हणून बरे. दुसरी गोष्ट चहाची. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू ह्यांनी ते चांगले लागते. माझा तर जेवण झाल्याझाल्या अर्धा कप ठरलेला! तो आता तासाभराने पुढे गेला आहे. आमटीत लिंबू पिळते, भाजी लोखंडी कढईत करते, थंडीत बाजरीची भाकरी. आणि हळिवाचे लाडू! दोन्ही भावजयांच्या, नणंदेच्या बाळंतपणात मी डबे भरभरून ते करून नेले. स्वतः मात्र वाटीला लागलेले चाटण्यापलीकडे कधी खाल्ले नव्हते. तरी भगिनींनो, एक ध्यानात ठेवा. इतकी खोल गेलेली विहीर लाडवांनी भरत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात, आणि आकडा सुधारला तरी पुढे तीनेक महिने चालू ठेवाव्या लागतात, म्हणजे अंगातला साठा भरतो.

महिन्याभरात तांदळाच्या डब्याकडे जाणारा माझा हात आपोआप थांबला. मग बाई म्हणाल्या, “आता रोज चालायला लागा. ह्या वयानंतर बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात. स्वतःसाठी एक तास काढा.”

एक तास! जणू तो फळीवरच ठेवलेला आहे. पहाटे डबे, मग बँक. संध्याकाळी सहाला घरात पाऊल टाकले की सासूबाईंचा चहा, मुलीची दहावी, कुकर, उद्याची भाजी. मी आठ दिवस काहीच केले नाही. खरे सांगायचे तर वेळ नव्हता हे अर्धेच खरे होते. सहा वाजता सगळे घरात असताना पायांत बूट घालून बाहेर पडायचे, ह्याची मला लाज वाटत होती. आपण काहीतरी चोरून नेतो आहोत असे वाटे.

एके दिवशी घरी आले तर सासूबाई ओट्याशी उभ्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वय, एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हाताने चहा गाळत होत्या. मी धावले. “अहो आई, मी करते ना!”

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तू तुझा चहा घे आणि जा चालायला.” मग माझ्याकडे न बघताच बोलू लागल्या. “तुझ्याएवढी होते तेव्हा मलाही असंच होत होतं. वर्षभर. भिंतीला धरून चालत असे. एकदा न्हाणीघरात पडले, तर सांगितलं, पाय घसरला. ह्यांना सांगायची सोय नव्हती, आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आम्हाला नाही झालं? तुला तांदळावरून हसले ना मी, तेव्हा मला आठवलं नाही बघ. मी भिंतीची माती खात असे.”

तेवीस वर्षे एका घरात राहून हे मला पहिल्यांदा कळत होते. दोघी काही वेळ बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, “जा. सहा ते सात कुकरकडे मी बघते.” तेव्हापासून तो तास माझा झाला. रात्रीच्या पोळ्या ह्यांनी शिकायला घेतल्या. त्या नकाशांबद्दल पुन्हा कधी लिहीन.

चालण्याला अर्धा-पाऊण तास लागतो. उरलेल्या वेळेचे काय, हा प्रश्न पेटीने सोडवला. लग्नात माहेराहून मी माझी पेटी आणली होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मी मध्यमा प्रथमपर्यंत आले होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला लावलेल्या रोपट्याची ही परीक्षा. गावोगावच्या मुली तिच्यामुळे गाऊ लागल्या. मला मुलगा झाला आणि पेटी कपड्यांच्या कपाटाशेजारी गेली. पुढे तिच्यावर पापडांचे डबे आले. आकाशवाणीनेसुद्धा १९४० साली पेटीला दार बंद केले होते आणि ते पुन्हा किलकिले व्हायला तीस वर्षे लागली. आमच्या घरी वीसच लागली, एवढाच काय तो फरक!

डबे उतरवून भाता ओढला तर नुसता फुस्स आवाज. दुरुस्ती करणारे काका घरी आले. भात्याचे कापड विरले होते, दोन सुरांवर गंज चढला होता. सगळे खोलून त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “ताई, पेटी वाजवून खराब होत नाही. न वाजवता होते.” पैसे त्यांनी वाजवी घेतले, ह्या वाक्याचे वेगळे घेतले नाहीत.

पूर्वी मी काळी पाचमध्ये गात असे. आता आवाज उतरला आहे. काळी चारही जरा चढच वाटते. पहिल्या दिवशी भूप गायला घेतला आणि चौथ्या आलापाला दम संपला. मुलगा आतून ओरडला, “आई, कुकर झाला का?” पण हल्ली सात वाजेपर्यंत तोही अधूनमधून दाराशी येऊन उभा राहतो.

ह्या लहानसहान गोष्टी आहेत. माझ्या गाठी अजून आहेत, दर सहा महिन्यांनी तपासायच्या आहेत. अंगातून मधूनच वाफा निघतात, आणि बँकेत ऐन गर्दीच्या वेळी पंखा माझ्याकडे वळवावा लागतो. गेलेली वर्षे काही परत आली नाहीत. पण उन्हाळ्यात हिमोग्लोबिन १२.४ झाले, आणि रात्री मी झोपते.

ज्या भगिनी चाळिशीच्या पुढे असतील त्यांना एवढेच सांगते. पाळी सात दिवसांहून अधिक टिकत असेल, तासा-दोन तासाला घडी बदलावी लागत असेल, गाठी पडत असतील, तर ‘वयाचे आहे’ म्हणू नका. आणि वर्षभर बंद होऊन पुन्हा थोडेसे जरी दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. रक्त, साखर, रक्तदाब, थायरॉइड ह्यांची तपासणी घरातल्या बाकीच्यांबरोबर आपलीही करून घ्या.

नवरात्रात मुलीबरोबर पुन्हा पर्वतीवर गेले. चाळिसाव्या पायरीला थांबले नाही. सत्तराव्याला थांबले, पण ते वळून शहर पाहायला. वर वारा होता, हवा स्वच्छ होती आणि लांबवर सिंहगड दिसत होता. पांढऱ्या चड्डीतले आजोबा देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. मला ओळखून म्हणाले, “आलात का वर? छान!”

घरी आल्यावर कपाट उघडले. त्या कप्प्यात आता एक पिवळी फाइल आहे. तीत माझ्या तपासण्यांचे कागद आहेत, आणि सर्वांत वर ह्या हिवाळ्यातल्या मध्यमा पूर्णच्या परीक्षेची पावती. स्कूटरची फाइल मी एक घर मागे सरकवली आहे.