मग डायनॉसॉरचं काय झालं?

लहान मुलाला गोष्ट सांगायला शिकवायचं, तर आपल्याकडे टोपीवाला आणि त्याची माकडं तोंडपाठ करून घेतात, हावभाव बसवतात, शेवटी तात्पर्य म्हणायला लावतात. स्नेहसंमेलनात टाळ्याही पडतात. पण हे झालं पाठांतर.

शिकागोच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली (१९२९–२०१९) यांची रीत अगदी साधी होती. मूल सांगेल ते त्या शब्दन् शब्द उतरवून घेत. गोष्ट एका वाक्याची असली तरी चाले. सुरुवातीला याकडे फारशी मुलं फिरकत नसत. मग वॉली नावाच्या मुलाने आपल्या गोष्टीत एक डायनॉसॉर आणला. त्याने शहर मोडलं, लोकांनी त्याला तुरुंगात टाकलं. पेलींनी ही गोष्ट वर्गात करून बघायचं ठरवलं. कुणी डायनॉसॉर झालं, कुणी चिडलेले लोक. झालं! आता ज्याला त्याला आपली गोष्ट लिहून हवी होती. १९८१ साली आलेल्या ‘वॉलीज स्टोरीज’ या पुस्तकात हे सगळं वाचायला मिळतं.

यातली खरी गंमत सादर करण्यात आहे. सांगताना ‘मग आई आली’ एवढ्यावर भागतं; आई झालेल्या मुलीला मात्र कुठून यायचं आणि येऊन काय करायचं, हे कळावं लागतं. तिथे गोष्टकाराला विचार करणं भागच पडतं. बाईंनी लाल शाईने दाखवलेल्या चुकीपेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं.

अर्थात वयाचंही असतं. मर्सर मायर यांच्या १९६९ सालच्या एका पुस्तकात शब्दच नाहीत. बरणीतून पळालेल्या बेडकाला एक मुलगा आणि त्याचा कुत्रा शोधतात, एवढं चित्रांतून दिसतं. भाषेच्या अभ्यासकांनी ते अनेक देशांतल्या मुलांपुढे ठेवलं. तीन वर्षांची मुलं बहुधा एकेका चित्रात काय आहे तेवढंच सांगतात. पाचव्या वर्षाच्या आसपास ‘मग, मग’ करत प्रसंग जोडले जातात. बेडकाचा शोध हा धागा शेवटपर्यंत धरून ठेवणं नऊ वर्षांच्या मुलांना चांगलं जमतं. तेव्हा तीन वर्षांच्या पोराला ‘नीट पहिल्यापासून सांग’ म्हणून दटावण्यात काही हशील नाही.

गोष्ट सुचतच नसेल तर? इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायला सांगत. कुत्रा आणि कपाट, उदाहरणार्थ. कुत्रा कपाटात शिरला, की कपाट पाठीवर घेऊन निघाला? गोष्ट तिथूनच सुरू होते. १९७२ साली रेज्जो एमिलिया शहरात शिक्षकांशी झालेल्या बैठकांमधून त्यांचं ‘कल्पनेचं व्याकरण’ हे पुस्तक तयार झालं.

पेलींच्या वर्गातल्या जेसनला मात्र विषयाची अडचण कधीच नव्हती. तो स्वतःच हेलिकॉप्टर होता, आणि त्याचं पातं सारखं मोडायचं. पेलींनी विषय बदलायला लावला नाही. हळूहळू इतर मुलंच त्याच्या गोष्टीत शिरू लागली. त्याच्यावरचं पुस्तक १९९० साली आलं. पुढे इंग्लंडमधल्या एका नाट्यसंस्थेने पेलींची ही पद्धत शाळांमध्ये नेली, ती ‘हेलिकॉप्टर स्टोरीज’ याच नावाने.