दोघांनी मिळून करायचा पंचनामा

पॅरिस : फ्रान्समध्ये दोन मोटारींची धडक झाली आणि कोणालाही इजा झाली नसली, तर सहसा पोलिस येत नाहीत. पंचनामा दोन्ही चालकांनीच, रस्त्याच्या कडेला उभे राहून, मिळून करायचा असतो. त्यासाठी विमा कंपन्या ग्राहकांना एक छापील फॉर्म देतात. त्याचे नाव ‘कोंस्ता आमियाब्ल’, म्हणजे सामोपचाराने केलेली नोंद. १९५८ च्या कायद्याने इथे वाहनविमा सक्तीचा झाला. त्यामुळे नुकसानभरपाईचा हिशेब पुढे विमा कंपन्या आपापसात करतात, आणि त्यांच्यासमोर पुरावा म्हणून मुख्यतः हा एकच कागद असतो.

लिहिण्याआधी माणसे सुरक्षित हवीत. धोक्याचे दिवे लावायचे, चमकणारे जॅकेट घालूनच खाली उतरायचे आणि गाडीपासून किमान ३० मीटरवर लाल त्रिकोण उभा करायचा. जॅकेट आणि त्रिकोण या दोन्ही वस्तू २००८ पासून प्रत्येक मोटारीत सक्तीच्या आहेत. द्रुतगती मार्गावर मात्र त्रिकोण ठेवायला चालत जाणे जिवावर बेतू शकते. तिथे सगळ्यांनी कठड्यापलीकडे जाऊन नारिंगी खांबावरच्या फोनवरून मदत मागवायची. कोणी जखमी असेल तर ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपात चालतो. धोका नसेल तर गाड्या बाजूला घेण्यापूर्वी फोटो काढावेत : दोन्ही गाड्यांची जागा, नंबरप्लेट, चेपलेला भाग, रस्त्यावरचे पट्टे, पाट्या आणि सिग्नल.

दोन गाड्यांसाठी फॉर्म एकच असतो. त्याच्या खालच्या प्रतीवर अक्षरे आपोआप उमटतात, म्हणजे दोघांनाही एकसारखी प्रत मिळते. डावा निळा रकाना ‘ए’ गाडीचा, उजवा पिवळा ‘बी’ गाडीचा. कोणी कोणता रकाना घ्यावा याने काही फरक पडत नाही. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण, कोणाला किरकोळ का होईना इजा झाली आहे का, आणि साक्षीदारांची नावे, पत्ते व फोन. साक्षीदार थांबत नाहीत, म्हणून ही ओळ आधी भरलेली बरी. मग विमाधारक, वाहन, विमा कंपनी आणि चालक यांची माहिती येते. पूर्वी पुढच्या काचेवरच्या हिरव्या चिठ्ठीवरून विमा कळत असे. १ एप्रिल २०२४ पासून ती चिठ्ठी बंद झाली आणि पोलिस आता संगणकावर विमा तपासतात. दुसऱ्या चालकाला ती सोय नाही, म्हणून पॉलिसीचा तपशील गाडीत ठेवणे अजूनही गरजेचे आहे.

फॉर्मचा गाभा मधल्या पट्ट्यात आहे. तिथे १७ परिस्थिती छापलेल्या असतात : गाडी उभी होती, पार्किंगमधून निघत होती, ओव्हरटेक करत होती, मागे येत होती, डावीकडे वळत होती, असे. प्रत्येकाने आपल्याला लागू असेल तिथेच फुली मारायची आणि शेवटी एकूण फुल्यांची संख्या लिहायची, म्हणजे नंतर कोणाला एक फुली वाढवता येत नाही. चूक कोणाची, हा प्रश्न फॉर्म विचारतच नाही. ही जबाबदारीची कबुली नव्हे, ओळख आणि घटना यांची नोंद आहे, असे त्यावर छापलेलेच असते. मात्र विमा कंपन्या जबाबदारी ठरवतात ती याच फुल्यांवरून. पुढच्या गाडीला मागून धडक दिल्याची फुली सहसा मागच्याला महागात पडते. पाटी वा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधीचा, हा इथला नियम आहे. त्यामुळे ‘उजवीकडून येत होतो’ या १६ व्या फुलीला मोठे वजन असते.

फुल्यांखाली चौकोनी कागदावर आकृती काढायची असते. त्यात रस्त्याच्या कडा, गाड्यांच्या दिशा, धडकेच्या क्षणीची जागा, पाट्या आणि रस्त्यांची नावे हवीत. पहिला आघात कुठे झाला ते बाणाने दाखवायचे आणि दिसणारे नुकसान लिहायचे. दुसऱ्याचे म्हणणे पटत नसेल तर ‘निरीक्षणे’ या रकान्यात तसे नोंदवायचे. हे सगळे सहीआधी. दोघांच्या सह्या झाल्या की पुढच्या पानावरचा एक शब्दही बदलता येत नाही. मागचे पान ज्याने त्याने घरी भरायचे असते. दोन्ही पानांत विसंगती आढळली तर पुढचे पान ग्राह्य धरले जाते.

कागद कामाच्या पाच दिवसांत विमा कंपनीकडे पोहोचवावा लागतो. डिसेंबर २०१४ पासून हीच नोंद मोबाइलवरही करता येते. मात्र अपघात फ्रान्समधला, जास्तीत जास्त दोन वाहनांचा आणि इजा न झालेला असावा लागतो. तीन-चार गाड्या एकामागून एक आदळल्या तर प्रत्येकाने पुढच्याशी एक आणि मागच्याशी एक असे वेगळे फॉर्म भरायचे.

समोरचा सही करायला नकार देत असेल तर त्याचा गाडीक्रमांक लिहून घ्यायचा, नकाराची नोंद करायची आणि स्वतःचा रकाना भरून कागद पाठवायचा. तो पळून गेला तर पोलिसांत तक्रार द्यायची. न थांबता निघून जाणे हा गुन्हा आहे. कोणी जखमी असेल तर शहरात पोलिस आणि ग्रामीण भागात जांदार्मरी हे दल स्वतंत्र अहवाल तयार करतात. अशा वेळी ५ जुलै १९८५ चा कायदा लागू होतो. तत्कालीन न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या नावाने तो ओळखला जातो. पादचारी, सायकलस्वार आणि प्रवासी यांना शारीरिक इजेची भरपाई मिळण्याच्या आड त्यांची साधी चूक या कायद्यात येत नाही.

या फॉर्मची रचना युरोपातील अनेक देशांत सारखीच आहे. रकान्यांचे क्रमांक जुळत असल्याने दोन भाषांतील प्रती शेजारी ठेवून तो भरता येतो. भाड्याची गाडी घेऊन युरोपात फिरणाऱ्या मराठी पर्यटकांनी किल्ली हाती घेतानाच हा फॉर्म आणि विम्याचा तपशील गाडीत आहे का ते पाहावे, आणि इंग्रजी प्रत सोबत ठेवावी. वेळ आलीच तर न समजलेल्या मजकुराखाली सही मात्र करू नये.