जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमधील लपलेला गंज
कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्स कारखान्यात २०१४पर्यंत अ‍ॅम्बॅसेडर तयार होत होती. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. गाडीचा भार तिची पत्र्याची बॉडीच पेलते. म्हणून दारांखालचे पोकळ पत्रे सडले, तर प्रश्न केवळ दिसण्याचा नसतो, मजबुतीचा असतो.

गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पावसात काचेवरून दाराच्या आत उतरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून निघून जायला हवे. ती छिद्रे चिखलाने बुजली की पत्रा आतून ओला राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाला फुगे येतात. फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा गेलेला असतो.

तपासताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जाड पुट्टीवर ते धरत नाही. पायाखालचे मॅटिंग उचलून पाहावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर संशय घ्यावा. विकाऊ गाडीचा ताजा रंग पाहून तर मुळीच भुलू नये.

छिद्रे मोकळी ठेवावीत, पोकळीत गंजरोधक मेण फवारावे. गंज न काढताच वरून डांबरी थर देणे मात्र घातक. ओल आत कोंडते आणि पत्रा झाकल्या जागी सडत राहतो.